अण्णांचं केपीटीएल

"मॅडम, झीरो बघा," असं पंपावरचा मुलगा म्हणतो तेव्हा मी खरंच बघते. मग टाकी फुल. नोझल पहिल्यांदा टक्क करून बंद पडलं की तिथंच थांबायचं. "राऊंड फिगर करू का?" असं विचारत तो पुन्हा दाबायला लागला की मी नको म्हणते, कारण वरचे ते वीस-तीस रुपये माझा सगळा हिशेब बिघडवतात. पंप ठरलेला, मशीनही शक्यतो तेच. तिथे गाडी सपाट जमिनीवर उभी राहते, त्यामुळे टाकी दर वेळी साधारण एकाच पातळीला भरते. पैसे दिले की डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही काढायची. तारीख, काट्यावरचे किलोमीटर, लिटर, रुपये. मागच्या वेळेपासून गाडी किती पळाली त्याला आज मावलेल्या लिटरने भागायचं. हे सगळं पुढच्या गाडीने हॉर्न मारायच्या आत उरकतं.

ही वही जुलै २०२३ पासूनची आहे. त्याच वर्षी जूनमध्ये माझी बदली वाईच्या ज्युनिअर कॉलेजात झाली. घर साताऱ्यात, मुलाची शाळा साताऱ्यात, आई गेल्यापासून अण्णाही आमच्याकडेच. घर हलवणं शक्य नव्हतं. जायचे पस्तीस किलोमीटर, यायचे पस्तीस. एसटी आहे, पण सकाळचा पहिला तास सव्वासातला असतो आणि दुपारी मुलाच्या वेळेला घरी पोचावं लागतं. म्हणून गाडी काढली. पहिल्या महिन्याचा पेट्रोलचा आकडा फोनवरच्या पेमेंटच्या यादीतून जुळवला तेव्हा तो साडेतेरा हजारांच्या आसपास आला. मी अर्धा तास तशीच बसून होते. गणित शिकवणाऱ्या बाईला आपल्याच घरातला हा आकडा महिना संपल्यावर कळतो, याचं मला फार वाईट वाटलं.

पहिल्या तीन टाक्यांचं अ‍ॅव्हरेज अनुक्रमे १४.१, १३.८ आणि १३.९ आलं. गाडी घेताना कागदावर एकवीसच्या वरचा आकडा होता.

आधी संशय पंपावर गेला. तसा तो सगळ्यांचाच जातो. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. मी मागितलं. मॅनेजरने कुरकुर न करता मोजून दाखवलं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं, तेवढंही सुटलेलं नव्हतं. म्हणजे पेट्रोल पूर्ण मिळत होतं आणि पुढे कुठेतरी जात होतं.

कागदावरचा तो आकडा कुठून येतो, हेही मी शोधलं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ सालची वाहन संशोधन संस्था आहे. तिथे गाडी रस्त्यावर पळवत नाहीत, प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या चढउतारानुसार साधारण वीस मिनिटं चालवतात. वेग जास्तीत जास्त ताशी नव्वद. एसी बंद. वारा नाही, लिंब खिंडीचा चढ नाही, मागच्या सीटवर वह्यांचा गठ्ठा नाही. त्या आकड्याला खोटा म्हणणं मला पटत नाही. सगळ्या गाड्या एकाच फुटपट्टीने मोजायच्या तर अशीच फुटपट्टी लागते. पण त्यावरून घरचं बजेट मांडायचं नसतं. एकवीसच्या जागी सतरा-अठरा पडलं असतं तर मी गप्प बसले असते. चौदा मात्र पटत नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला गेले. गाडी महिन्याभरापूर्वीच सर्व्हिसिंग होऊन आलेली, बिलात 'ब्रेक क्लीनिंग' असा वेगळा खर्चही लावलेला. काउंटरवरच्या माणसाने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, गाडीत काही नाही. लेडीज ड्रायव्हिंगला एवढंच पडतं," तो म्हणाला. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. हातात तारीखवार आकडे असलेल्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं, मग ती बाई असो की बुवा.

घरी येऊन चिडचिड केली. अण्णा ओसरीवर बसून ऐकत होते. अण्णांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली. त्यांनी वही मागितली, चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणाले, "आमच्याकडं याला केपीटीएल म्हणायचे."

केपीटीएल म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर. एसटीत डिझेलचा हिशेब असा दहा-दहा लिटरने चालतो. लहानपणी हा शब्द मी घरात इतक्या वेळा ऐकला होता की ते कुणातरी साहेबाचं नाव असावं असं मला वाटायचं. महिन्याच्या शेवटी अण्णा आईला सांगायचे, "या महिन्याला केपीटीएल चांगलं बसलं," आणि आई भाकरी थापता थापता मान डोलवायची. कुणाचं किती बसलं यावर डेपोत ड्रायव्हर लोकांत बोलणं व्हायचं. गाडी तीच, रूट तोच, तरी एकाचं चार किलोमीटर जास्त आणि दुसऱ्याचं कमी. फरक माणसाच्या पायात असतो, हे त्यांना कुणी शिकवायला लागत नव्हतं.

"पण एवढा फरक पायाचा नसतो पोरी," अण्णा म्हणाले. "उद्या मी येतो संगं."

आमचं गाव वाईच्या अलीकडे, तिथे थोडी जमीन आहे. अण्णा अधूनमधून माझ्याबरोबर निघतात, गावच्या फाट्यावर उतरतात आणि दुपारी परतताना पुन्हा गाडीत बसतात. त्या दिवशी पाचवड सोडून आम्ही वाईच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. "ब्रेक जास्त मारू नको, हळूहळू थांबव." मी थांबवली. ते उतरले, धोतराचा सोगा सावरत पुढच्या डाव्या चाकाशी वाकले आणि हाताची पालथी बाजू रिमजवळ नेली. न टेकवता, बोटभर अंतरावर. आई तव्यावर भाकरी टाकायच्या आधी तवा तापला का ते बघायची, अगदी तसं. मग पुढचं उजवं. मग मागचं उजवं. मागच्या डाव्याशी गेले आणि हात चटकन मागे घेतला.

"ये इकडं. तूबी बघ."

बाकीची तीन चाकं कोमट होती. त्या चौथ्यातून धग येत होती. जवळ वाकल्यावर जळकट वास आला, क्लच प्लेट जळते तसा पण हलका. ब्रेक सुटतच नव्हता. हँडब्रेक खाली केल्यावरही आतले लायनर ड्रमला घासत राहत होते. दीड-दोन महिने मी एक चाक ओढत, फरफटत वाईला नेत होते आणि परत आणत होते. ते घासणं सोसायला इंजिन पेट्रोल पीत होतं, आणि त्या पेट्रोलची उष्णता रस्त्याकडेला उभं राहून मी हाताने अनुभवत होते.

वाईतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये ड्रम उघडला. आत गंजलेली केबल आणि काळी भुकटी. तासाभराचं काम, सुट्ट्या भागांसकट साडेसहाशे रुपये. पुढची टाकी ४६३ किलोमीटर, २९.५१ लिटर. १५.६९.

पायाची पाळी त्यानंतर आली, आणि तिथे मात्र माझी चूक होती.

अण्णा शेजारी बसले की फार बोलत नाहीत. मी ब्रेक मारला की त्यांचा उजवा पाय आपोआप हलतो, एवढंच. आनेवाडीचा टोलनाका लांबून दिसत असताना मी त्याच वेगात जायची आणि रांगेजवळ येऊन ब्रेक दाबायची. दोन-तीनदा पाहिल्यावर ते म्हणाले, "टोलनाका पळून जात न्हाई. इथनंच पाय उचल." मी पाय उचलला. गाडी गिअरमध्येच, आपल्या वेगाने हळूहळू मंदावत गेली आणि रांगेच्या शेपटाला लागेपर्यंत ब्रेक जेमतेम एकदा लागला. त्यांचं सांगणं एका ओळीचं आहे. वेग पेट्रोल देऊन विकत घेतलेला असतो, ब्रेक मारला की तो फुकट जातो. म्हणून नजर लांब हवी. पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे बघून चालवायचं नाही, तिच्या पुढच्या चार गाड्यांकडे बघायचं. सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय सोडायचा. ट्रक चढाला लागला की त्याच्या मागे घाई करायची नाही.

मग वेग. हायवेवर मी ताशी शंभरने जायची, कारण सगळेच जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे अकरावीच्या पोरांनाही सांगितलेलं असतं. ऐंशीवरून शंभरवर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, नेमकं सांगायचं तर छपन्न टक्क्यांनी वाढतो. आणि मिळतं काय? माझ्या वाटेतला हायवेचा तुकडा बावीस किलोमीटर धरला तर शंभरने सव्वातेरा मिनिटं, ऐंशीने साडेसोळा. सव्वातीन मिनिटांसाठी मी रोज ते पेट्रोल जाळत होते. घरून पाच मिनिटं आधी निघाले की तेवढा वेळ सहज भरून निघतो.

टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी फार पळायच्या आधी. टायर तापला की आकडा चढून दिसतो, म्हणून गारच बघायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर सोडायचं नाही. डिकीतला पसारा काढला, त्यात जुन्या परीक्षांच्या पुरवण्यांचं आख्खं पोतं निघालं. एवढं केल्यावर दिवाळीपर्यंत वहीत अठराच्या आसपासचे आकडे स्थिर झाले.

इथे मला माझ्या विषयातलं काही सांगायचंय, कारण भल्याभल्यांची यात फसगत होते. वर्गात मी प्रश्न घातला. एक जुनी गाडी लिटरला दहा देत होती, दुरुस्तीनंतर बारा द्यायला लागली. दुसरी वीस देत होती, ती पंचवीस द्यायला लागली. दोन्ही महिन्याला १२०० किलोमीटर पळतात. जास्त पेट्रोल कुणाचं वाचलं? सगळा वर्ग दुसरीच्या बाजूने. मग फळ्यावर मांडलं. पहिलीला आधी १२० लिटर लागत होते, आता १००. वाचले वीस. दुसरीला आधी ६०, आता ४८. वाचले बारा. वर्गात एकदम शांतता, मग गलका. लिटरला किती किलोमीटर हा आकडा कानाला गोड लागतो, पण पैसे लिटरचे मोजायचे असतात. त्यामुळे शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात, हा युरोपातला उलटा हिशेब जास्त खरा वाटतो. वहीत मी आता दोन्ही आकडे लिहिते. माझंच बघा. महिन्याला १८०० किलोमीटर धरले तर चौदावरून सोळावर जाताना सोळा लिटर वाचतात, सोळावरून अठरावर जाताना साडेबारा. वाईट अवस्थेतली गाडी आधी नीट करण्यात सगळ्यात जास्त फायदा आहे. चांगल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आणखी एकाने वाढवायला जिवाचा आटापिटा करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

मे महिन्याची टाकी या वहीतली सगळ्यात शिकवणारी नोंद आहे. सुट्टी होती, वाईला जाणं नव्हतं. गाडी फक्त गावात फिरली. ३१२ किलोमीटर, २९.४ लिटर. १०.६. मी आधी चाकांना हात लावून बघितला. चारही गार.

मग एक आठवडा प्रत्येक फेरी लिहिली. दूध आणायला गाडी. राजवाड्यावर भाजीला गाडी. मुलाला क्लासला सोडायला गाडी, दीड किलोमीटर. पोवई नाक्यावरून वर राजवाड्याकडे जायचं म्हणजे चढच, आणि गार इंजिन अशा वेळी पेट्रोल जास्त घेतं. ते तापून नीट चालायला लागेपर्यंत आपण पोचलेलो असतो, गाडी बंद करतो, आणि तासाभराने पुन्हा गारच चालू करतो. क्लासबाहेर मुलगा सुटेपर्यंत वीस मिनिटं एसी लावून थांबायची माझी सवय होती. एसीसकट उभी गाडी तासाला पाऊण-एक लिटर सहज पिते. महिन्याला सहा-सात लिटर मी क्लासच्या फाटकासमोर जागच्या जागी जाळत होते. वाईला जाणं टळत नव्हतं, पण हे टळण्यासारखं होतं. ज्या फेऱ्या मला खर्चातही धराव्याशा वाटल्या नव्हत्या, त्याच किलोमीटरमागे सगळ्यात महाग पडत होत्या.

मुलाला सायकल घेऊन दिली. पहिले चार दिवस त्याने तोंड पाडलं, मग मित्र भेटला आणि आता दोघं मिळून जातात. दूध मी चालत आणते. भाजी, औषधं, पोस्ट अशी कामं असली की एकाच फेरीत, इंजिन गरम असताना.

घाटाचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण हे पैशांपेक्षा मोठं आहे. आपल्याकडे उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं, असं अजून ठामपणे सांगणारी माणसं आहेत. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना माझ्या एका सहकाऱ्याने तसं केलं, तेव्हा मागे बसलेल्या अण्णांनी त्याला गाडी थांबवायला लावली. परक्या माणसावर आवाज चढवताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांच्या नोकरीचा पहिला धडा. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी लागत नाहीत. शिवाय वाचत काहीच नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर ठेवून पाय उचलला की इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल टाकलं की इंजिन जिवंत ठेवायला उलट पेट्रोल द्यावं लागतं. माझ्या गाडीच्या पडद्यावर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी आहे. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की ती पार टोकाला जाऊन टेकते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे जाणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड गाडीने पन्नासच्या आसपास गाड्यांना ठोकरलं होतं. बातमी बघताना अण्णा जेवत्या ताटावरून उठले. त्या उतारावरून आजही जाताना ते माझ्या गिअरकडे बघतात.

इथेनॉलचं सगळे विचारतात. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार हे गणितच सांगतं. आमच्या भावकीचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे इथेनॉलला वाईट म्हणायला जीभ वळत नाही. पण ज्या लिटरात ऊर्जा कमी आहे त्याचा दरही त्या प्रमाणात कमी असावा, हे मी भावकीतही बोलून दाखवलं आहे. ऊसवाल्यांचीही गाडी शेवटी पंपावरच उभी राहते.

महिन्याकाठी अठ्ठावीस लिटर वाचतात, म्हणजे आमच्याकडच्या भावाने तीन हजारांच्या जवळ. ते मी खर्चात मिसळू दिले नाहीत. पोस्टात तीन हजारांची आरडी उघडली आणि पासबुक वहीतच ठेवलं.

गेल्या महिन्यात चारही टायर बदलले. त्यानंतरच्या दोन टाक्या १७.२ आणि १७.३. हवा बरोबर, चाकं गार, रस्ता तोच. दोन रात्री विचार केला तेव्हा लक्षात आलं की बिघाड काट्यातही असू शकतो. झिजलेला टायर लहान असतो, तो जास्त वेळा फिरतो, आणि काटा फेरे मोजतो. नव्या टायरला सहा-सात मिलिमीटर रबर जास्त आहे. अठ्ठावीस सेंटिमीटरच्या त्रिज्येत ते दोन टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे मी आधी पळाले त्यापेक्षा थोडे जास्त किलोमीटर लिहीत होते. गेल्या वर्षाचं ते १८ सुद्धा कदाचित पुरतं १८ नव्हतं. नवं रबर रस्त्याला जास्त धरतं, थोडा फरक त्याचाही असेल.

अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ टायरकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मग दगड मोजू." रविवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, वाढे फाट्यापासून पुढे हायवेचे किलोमीटरचे वीस दगड. ते दगड मोजणार, मी काटा बघणार. टॉर्च आणि पेन्सिल त्यांनी आत्ताच दारातल्या कोनाड्यात काढून ठेवली आहे.